खिडकीतली काळी पूड वहीत कशी उतरवायची: वास्कोत आणि कोळशाच्या बंदराजवळ राहणाऱ्या सगळ्यांसाठी

मे महिन्यात सासूबाईंनी गच्चीवर पांढरी सुती चादर टाकून पोह्याचे पापड वाळत घातले होते. सकाळी घातलेले पापड संध्याकाळी उचलायला गेलो तर प्रत्येक पापडावर बारीक काळे ठिपके, मोहरी खलबत्त्यात भरडून वरून भुरभुरवावी तसे, आणि चादर झटकल्यावर मधल्या घडीत एक काळी रेघ राहिली ती तीन धुण्यांत गेली नाही. पापड टाकून दिले. दुसऱ्या दिवशी मी ती चादर पिशवीत घालून एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी चादर बघितली आणि म्हणाले, मॅडम हे तुमच्या शेजारच्या स्वयंपाकघरातली काजळी पण असू शकते, तारीख काय, वारा कुठून होता, आणखी कोणाच्या घरी आलं? माझ्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. चादर घेऊन परत आले, खूप राग आला, पण नंतर विचार केला की प्रश्न तर बरोबरच होते.

तेव्हापासून शिकत शिकत जे जमलं ते इथे एकत्र लिहितेय. गोव्यात आमच्या वास्कोतल्या सडा, बायणा, खारीवाडा, मांगोर हिल, सगळ्यांना उपयोगी पडेल, आणि महाराष्ट्रातल्या जयगड, धरमतर असल्या ठिकाणी राहणाऱ्यांनाही, कारण कोळसा सगळीकडे तोच आणि कायदाही तोच. लांब आहे पण सावकाश वाचा.

आधी हा कोळसा कुठून येतो आणि कुठे जातो ते बघा

वास्कोच्या मुरगाव बंदरात उतरतो तो मुख्यतः पोलाद कारखान्यांचा कोकिंग कोळसा. भारताला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा मोठा हिस्सा ऑस्ट्रेलियातून निर्यात होऊन येतो. इथे तो ग्रॅबने जहाजातून काढतात, ढिगात ओततात, वॅगनमध्ये भरतात आणि मग मडगाव, चांदोर, कुळे, पुढे ब्रागांझा घाट चढून कर्नाटकात बळ्ळारीकडे जातो. म्हणजे पूड उडायची किमान चार ठिकाणं झाली: जहाजातून काढताना, ढिगावरून वाऱ्याने, वॅगन भरताना, आणि धावत्या गाडीवरून. तुमचं घर यातल्या कशाजवळ आहे ते आधी ठरवा कारण तुमची नोंद त्यावर अवलंबून आहे. सड्यावरच्या माणसाने गाडीच्या वेळा लिहून काही होणार नाही आणि चांदोरच्या माणसाने जहाज बघून काही होणार नाही.

आणि ही तक्रार फक्त आपलीच नाहीये. जिथून कोळसा निघतो तिथले लोकही हेच सांगतात. ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल हे जगातलं सगळ्यात मोठं कोळसा निर्यातीचं बंदर, तिथेही उघड्या वॅगन घरांच्या मागून जातात आणि तिथल्या बायकाही दोरीवरचे कपडे परत धुतात. तिथे सरकारने घरांवर साचणाऱ्या धुळीचा अभ्यास केला तेव्हा त्यात सरासरी सुमारे दहा टक्के कोळसा निघाला, बाकी बरीचशी माती आणि दगडाची धूळ होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे कोणी उभं राहून "ही सगळी पूड कोळसाच आहे" असं म्हणालं आणि तपासणीत तसं नाही निघालं तर पुढची दहा वर्षं आपलं कोणी ऐकणार नाही. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या, सुट्टी पानं नकोत, शिवलेली पाहिजे म्हणजे पान मागाहून घातलं असं कोणी म्हणणार नाही. पेनने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा आणि सही करा, व्हाइटनर नको.

आता रोज काय लिहायचं. घरात एक ठरावीक जागा निवडा, बाहेरच्या बाजूची खिडकीची कट्टी किंवा गॅलरीचा कठडा, आणि तिथे एक पांढरी गुळगुळीत टाइल ठेवा, फुटाची बाय फुटाची असली की छान. रोज ठरलेल्या वेळी, मी संध्याकाळी सातला करते, ओल्या पांढऱ्या कापसाने टाइल एकाच दिशेने एकदा पुसा, कापसाचा फोटो काढा, फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र किंवा तारीख लिहिलेला कागद येऊ द्या आणि टाइल स्वच्छ धुवून परत ठेवा. कापूस छोट्या झिपवाल्या पिशवीत, पिशवीवर तारीख. पाच मिनिटांचं काम आहे, दिवा लावायच्या वेळेला जोडून घेतलं की विसरत नाही.

मग वहीत लिहा: तारीख, वेळ, पूड किती (मी फक्त तीन शब्द वापरते, नाही, थोडी, खूप), रंग, वारा कुठून, पाऊस पडला का, बंदरात कोळशाचं जहाज लागलेलं होतं का, शेजारी काही जळत होतं का, रस्त्याचं काम चालू होतं का. हे शेवटचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत आणि लोक नेमके तेच गाळतात. आपल्या बाजूच्या नसलेल्या गोष्टीही लिहिल्या की वही खरी वाटते, कारण ती खरी असते.

वाऱ्याचं गणित समजून घ्या. पावसाळा सोडला तर नोव्हेंबर ते मे दुपारी समुद्राकडून वारा येतो, पश्चिमेकडून वायव्येकडून, आणि बंदर शहराच्या त्याच अंगाला आहे, त्यामुळे दुपारी बारा एकपासून संध्याकाळपर्यंत पूड गावाकडे येते. रात्री आणि पहाटे वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे जातो. म्हणून सकाळी टाइल पुसली तर कमी दिसेल आणि संध्याकाळी जास्त. ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातले चार दिवस दोन्ही वेळा पुसावं. दुपारी खूप आणि पहाटे नाही असं सलग दिसलं तर ती पूड कुठल्या दिशेची आहे हे टाइलच सांगते, तुम्हाला वेगळं बोलावं लागत नाही. सड्यावरचं गणित वेगळं, ते लोक बंदराच्या डोक्यावरच राहतात, त्यांनी वाऱ्याची दिशा रोज नीट बघूनच लिहावी. दिशा बघायला कठड्याला लोकरीचा दोरा बांधा, पुरतो.

जहाजासाठी मरीनट्रॅफिकसारखं ॲप फुकट बघता येतं, जहाजाचं नाव वहीत टाका. चांदोर, कासावली, सांकवाळ बाजूच्यांनी मालगाडीची वेळ, वॅगन भरलेल्या की रिकाम्या, वर ताडपत्री होती का नव्हती, एवढं लिहा. रिकामी परत जाणारी गाडीसुद्धा लिहा, तळाला उरलेली पूड तीही उडवते.

पावसात श्रावणात पूड जवळजवळ दिसत नाही. दामोदर सप्ताहाच्या दिवसांत वास्कोत येणारे पाहुणे म्हणतात कुठे आहे तुमचा कोळसा. त्या महिन्यांतही "नाही" असं लिहित राहा. पावसाळ्यातला "नाही" आणि जानेवारीतला "खूप" शेजारी शेजारी असले की फरक दिसतो.

ही कोळशाचीच पूड आहे का

घरी पक्कं कळत नाही, पण अंदाज घेता येतो. मुरगावातून लोहखनिजही जातं, त्याची धूळ लालसर तपकिरी असते, ती वेगळी ओळखू येते. स्वयंपाकाची किंवा डिझेलची काजळी बोटांत चोळली की तेलकट पसरते, काजळासारखी. कोळशाची पूड चोळली की कचकच लागते आणि उन्हात धरली तर कडा चमकतात, साधं भिंग घेऊन बघा, काचेच्या चुऱ्यासारखे कोनदार कण दिसतात. आणखी एक, वाटीत पाणी घेऊन त्यावर चिमूटभर पूड हळूच सोडा. माती बुडते. कोळसा पाण्याला धरत नाही म्हणून वर तवंगासारखा तरंगतो, आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की भिजून खाली जातो. काजळीही तरंगते, म्हणून दोन्ही परीक्षा मिळूनच अंदाज करायचा. पक्का निकाल फक्त प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली लागतो, तिथे कोळशाचा कण वेगळा काढता येतो. त्यासाठीच त्या पिशव्या जपून ठेवायच्या.

महिन्याचा डबा

टाइल रोजची, डबा महिन्याचा. हे सोसायटीतल्या दोन तीन जणांनी मिळून करावं. सरळ उभ्या कडांचा, वीस सेंटीमीटर तोंडाचा आणि चांगला खोल प्लास्टिकचा डबा घ्या, गच्चीवर झाडाच्या आणि टाकीच्या आडोशापासून लांब स्टुलावर ठेवा, आत चार बोटं स्वच्छ पाणी, शेवाळ धरू नये म्हणून मोरचूदाचा हरभऱ्याएवढा खडा (विषारी आहे, पोरं आणि मांजरं जाणार नाहीत अशीच जागा पाहिजे, वर मोठ्या छिद्रांची जाळी लावा). पाणी आटलं की भर घाला. तीस दिवसांनी ते पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. पेपर आधी वाळवून वजन करून ठेवलेला पाहिजे, गाळल्यावर परत पूर्ण वाळवून वजन करायचं, फरक म्हणजे धूळ. समुद्राजवळ हवेत मीठ असतं पण ते पाण्यात विरघळून गाळून जातं, कागदावर राहते ती न विरघळणारीच.

वजनाला घरचा काटा चालत नाही. मी ओळखीच्या सोनाराकडे जाते, त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅम दिसतात. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी काहीतरी दागिन्याचं आणलंय, आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्वतःच विचारतात ताई आज कागद नाही आणला का, आणि वजनाच्या चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारून देतात. असा एक त्रयस्थ माणूस नोंदीत असणं फार मोलाचं.

हिशोब: वीस सेंटीमीटर तोंडाच्या डब्याचं क्षेत्रफळ 0.0314 चौरस मीटर. समजा धूळ 0.2 ग्रॅम मिळाली तर 0.2 भागिले 0.0314, म्हणजे चौरस मीटरला महिन्याला साधारण 6.4 ग्रॅम. तुलनेला सांगते, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात साचणाऱ्या एकूण धुळीची मर्यादा चौरस मीटरला महिन्याला 4 ग्रॅम धरतात. आपल्या 2009 च्या राष्ट्रीय हवा मानकांत साचणाऱ्या धुळीला आकडाच नाहीये, फक्त हवेत तरंगणाऱ्या कणांना आहे. एक डबा बंदराच्या बाजूला आणि एक लांब, दाबोळीच्या पलीकडे नातेवाइकांकडे ठेवलात तर तुलना होते, आणि तुलनेशिवाय एकट्या आकड्याला अर्थ कमीच.

हवेचे आकडे वाचताना

पीएम 10 म्हणजे हवेत तरंगणारे 10 मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम 2.5 म्हणजे त्याहून बारीक, 2.5 मायक्रॉनपर्यंतचे. राष्ट्रीय मानक असं आहे: पीएम 10 ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी 60, पीएम 2.5 ची चोवीस तासांची 60 आणि वर्षाची 40. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये जे सांगितलं ते खूपच खाली आहे, पीएम 2.5 वर्षाला 5 आणि पीएम 10 वर्षाला 15. म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणालं "मर्यादेत आहे" तर विचारायचं कुठल्या मर्यादेत, चोवीस तासांच्या की वर्षाच्या. जानेवारी ते मार्चचा आकडा वर्षाच्या सरासरीत पावसाळ्याने धुऊन निघतो, म्हणून महिन्यामहिन्याचे आकडे मागा. आणि हवा मोजायच्या राष्ट्रीय कार्यक्रमातली हाताने चालवायची केंद्रं रोज मोजत नाहीत, आठवड्यातून दोनदा, वर्षाला 104 दिवस मोजतात. तुमच्या वहीतले "खूप" चे दिवस त्या 104 मध्ये किती पडले ते ताडून बघा, मला हे ताडून बघेपर्यंत कळलंच नव्हतं की मशीन आणि माझी चादर एकमेकांना कधी भेटतच नव्हती.

घरी लावायचे स्वस्त सेन्सर घ्यायचे तर घ्या पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. दमट हवेत ते आकडा फुगवून दाखवतात आणि आपल्याकडे दमट नसतं कधी. आणि जाडसर कण त्यांना नीट पकडता येत नाहीत, खिडकीवर पडणारी पूड बरीचशी जाडसरच असते. म्हणून सेन्सर चढउतार बघायला, पुरावा म्हणून नाही.

तब्येतीची नोंद

इथे सगळ्यात जास्त सांभाळून बोलायचं. जाड काळे कण जे दिसतात ते नाकाघशात अडकतात, खोकला, डोळ्यांची चुरचुर. जे दिसत नाहीत ते बारीक कण फुप्फुसात खोल जातात, दमा वाढवतात, हृदयविकार असलेल्यांना त्रास देतात, मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त. हे जगभर सिद्ध झालेलं आहे. पण खाणकामगारांना वर्षानुवर्षं कोळशाच्या धुळीत राहून होणारा फुप्फुसाचा आजार आणि गावात राहणाऱ्याला होणारा त्रास या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एक करू नका. आणि ट्रकच्या डिझेलचा धूरही त्याच हवेत आहे.

घरात दम्याचा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारून पीक फ्लो मीटर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो, श्वासाचा जोर मोजायची, फुंकायची प्लास्टिकची नळी असते. सकाळी आणि संध्याकाळी तीनदा फुंकून सगळ्यात जास्त आकडा त्याच वहीत टाइलच्या नोंदीशेजारी लिहायचा. आमच्या शेजारच्या काकी आता स्वतः फुंकतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेखाली आकडा लिहितात, रविवारी मी तो माझ्या वहीत उतरवून घेते. इनहेलर किती वेळा घेतला, रात्री जाग आली का, शाळा बुडली का, तेही. डॉक्टरांकडे गेलात तर केसपेपरवर तारीख आणि निदान वाचता येईल असं लिहून मागा, "बंदरामुळे झालं" असं त्यांना लिहायला लावू नका, ते लिहिणार नाहीत आणि लिहिलं तरी टिकणार नाही. त्यांनी फक्त दमा किती वाढला ते लिहावं, तारखा बाकीचं सांगतात. कोणाच्या आजारपणाची माहिती त्यांच्या परवानगीशिवाय पुढे देऊ नका, सुनावणीत नाव न घेता वय आणि वॉर्ड सांगितलं तरी पुरतं.

तोपर्यंत घरात: कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा, दुपारी समुद्राच्या बाजूच्या खिडक्या बंद, पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण, कपडे सकाळीच वाळवून आत घ्या. गच्ची झाडताना एन 95 मास्क लावा, साधा कापडी पुरत नाही.

काय करू नये

बंदराच्या हद्दीत शिरू नका, रुळांवर उतरू नका. ड्रोन अजिबात नको, शेजारी दाबोळीला नौदलाचा विमानतळ आहे, फार मोठी भानगड होईल. सार्वजनिक रस्त्यावरून, आपल्या गच्चीवरून फोटो काढा. आणि बंदरातल्या कामगारांशी, ट्रकवाल्यांशी भांडू नका. माझ्या गल्लीत निम्म्या घरांची चूल एमपीटीवर पेटलेली आहे, आता त्याचं नाव मुरगाव पोर्ट अथॉरिटी झालंय पण आम्ही सगळे एमपीटीच म्हणतो. ती पूड पहिल्यांदा त्यांच्याच छातीत जाते. ताडपत्री कधी टाकत नाहीत, पाण्याचे फवारे कधी बंद असतात, हे सगळं त्यांनाच माहीत असतं. त्यांची नावं कुठेही येऊ देऊ नका.

माहिती अधिकार

तीन महिन्यांची वही झाली की अर्ज करा. 2005 चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील. अर्ज तीन ठिकाणी: राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, बंदर, आणि गाडीचा विषय असेल तर दक्षिण पश्चिम रेल्वे. "प्रदूषण का होतं" असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. कोळसा हाताळायच्या प्रत्येक धक्क्याच्या चालू कन्सेंटची, म्हणजे मंडळाने दिलेल्या परवानगीची, प्रत सगळ्या अटींसकट, त्यात वर्षाला किती टन परवानगी आहे आणि महिनावार प्रत्यक्ष किती उतरवला, गेल्या दोन वर्षांत मंडळाने किती तपासण्या केल्या त्यांचे अहवाल, किती कारणे दाखवा नोटिसा दिल्या आणि त्यांची उत्तरं, हवेच्या मोजणीचे तारीखवार आकडे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तोही मागा आणि त्यातलं "वॅगन पूर्ण झाकून पाठवल्या जातात" हे वाक्य तुमच्या ताडपत्रीच्या नोंदीशेजारी ठेवा.

याच कायद्यात कागद तपासायचा, कामाची पाहणी करायचा आणि पदार्थाचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे, कलम 2 मध्ये आहे, फार कमी लोक वापरतात. राज्य सरकारच्या कार्यालयात अर्ज मराठीत चालतो. गोव्याची राजभाषा कोंकणी असली तरी 1987 च्या कायद्याने सरकारी कामाला मराठीही चालते, तिथे कोणी इंग्रजीत आणा म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

मग मंडळाला लेखी तक्रार, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. तक्रारीत मागणी एकच: येऊन मोजा, अमुक महिन्यात, दुपारी बारा ते सहा, अमुक जागी. आपल्या टाइलने आणि डब्याने खटला जिंकता येत नाही, कायद्याला चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच घ्यावा लागतो. आपली वही त्यांना योग्य दिवशी योग्य दारात आणण्यासाठी आहे. मला हे उशिरा कळलं.

जनसुनावणी

बंदर वाढवायचं, धक्का नवा करायचा, जहाजांचा जलमार्ग खोल करायचा म्हटलं की 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि बहुतेक वेळा जनसुनावणी. बहुतेक म्हणतेय कारण सूटही दिली जाते. बंदराच्या जलमार्गाचं खोलीकरण जनसुनावणी न घेताच सुरू झालं होतं, मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयात, गेले, 2016 मध्ये ते अडलं आणि 2017 च्या एप्रिलमध्ये सुनावणी घ्यावीच लागली. ती एका दिवसात आटपली नाही, कित्येक दिवस चालली, लोक रात्र रात्र आपला नंबर येईपर्यंत बसून होते. मच्छीमार खोलीकरणाच्या गाळाबद्दल बोलले, शिनाणे, तिसऱ्या हे शिंपले मिळायच्या जागांबद्दल बोलले, ते जसं बोलले तसं कुठल्याही अहवालात लिहिलेलं नव्हतं.

नियम माहीत पाहिजेत. सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस यावी लागते. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मसुदा आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, पंचायत किंवा पालिका, मंडळाचं कार्यालय इथे बघायला ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी. चित्रीकरण करावंच लागतं. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे आपण गेलो नाही तरी सुनावणी झाली असंच धरतात, म्हणून जायचंच. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पवाल्याकडून खुलासा मागायचा हक्क आहे. शेवटी कामकाजाचा वृत्तांत स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हायची असते. दमून सगळे घरी जातात आणि हे वाचन रिकाम्या खुर्च्यांसमोर होतं. पाच जण तरी शेवटपर्यंत थांबा, तुमचा मुद्दा वाचला नाही तर तिथेच हात वर करा.

अहवाल जाड असतो, सगळा वाचायची गरज नाही. हवेची मोजणी कुठल्या महिन्यात केली ते बघा, पावसाळ्याच्या कडेला केली असेल तर तोच पहिला मुद्दा. मोजायची यंत्रं कुठे लावली ते नकाशावर बघा आणि वाऱ्याच्या खाली येणाऱ्या वस्तीत एक तरी आहे का बघा. रेल्वेमार्ग अभ्यासात धरला का, की बंदराच्या फाटकापाशीच अभ्यास संपला. चिखलीच्या खाडीत चपटे चमकदार शिंपले मिळतात, ज्यांच्या कपच्या जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना काचेसारख्या लावायचे, त्यांचं नाव अहवालात आहे का.

बोलायला तीन मिनिटं मिळतील असं धरून चाला. रडू येतं, राग येतो, येऊ द्या, पण आधी एवढं बोलून घ्या: मी कोण आणि कुठे राहते, माझी एक नोंद तारखेसकट, अहवालाच्या अमुक पानावर काय लिहिलंय आणि ते माझ्या नोंदीशी का जुळत नाही, आणि माझी एक मागणी. एवढंच. बाकी सगळं लेखी द्या, येऊ न शकणाऱ्या शेजाऱ्यांचंही लेखी निवेदन न्या, तेही घ्यावं लागतं. आजींना बोलू द्या, कोंकणीत बोलोत, मराठीत बोलोत, त्यांच्यासारखं आपल्याला जमत नाही.

याने काही होतं का

हे मला रोज कोणीतरी विचारतं. 2020 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदोरला हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रुळांपाशी जमले, गोंयात कोळसो नाका म्हणत, नंतर काहींवर गुन्हेही दाखल झाले. ती रात्र सगळ्यांना आठवते. पण त्याच वेळी काही लोक मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची कागदपत्रं एकेक करून सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीसमोर ठेवत होते. समितीने 2021 मध्ये मंजुरी रद्द करायची शिफारस केली आणि 9 मे 2022 ला न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. नव्याने अभ्यास करून परत अर्ज करायची मुभा ठेवलीय, म्हणजे हे संपलेलं नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात चेरी पॉइंटला वर्षाला 48 दशलक्ष टन कोळसा निर्यात करायचं बंदर येणार होतं. तिथल्या लमी या मूळ रहिवाशांनी 1855 च्या तहाने मिळालेला मासेमारीचा हक्क पुढे केला, कुठल्या पाण्यात किती जाळी टाकतो ते दाखवलं, आणि 9 मे 2016 ला परवानगी नाकारली गेली. आपल्या खारीवाड्याच्या दोणीवाल्यांनीही कुठे जाळं टाकतो, कुठल्या महिन्यात काय म्हावरं मिळतं, जाळ्यात काळा गाळ कधी आला, हे तारीखवार लिहून ठेवायला पाहिजे, मी दोघा तिघांच्या मागे लागलेय.

लवादात जायची वेळ आली तर आपल्याला पुण्याचं खंडपीठ आहे. मुदती कडक आहेत: मंजुरीविरुद्ध अपील तीस दिवसांत, उशिराचं कारण पटलं तर आणखी साठ, पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, नुकसानभरपाईला पाच वर्षं. म्हणून पहिली तारीख वहीत असणं का गरजेचं ते कळेल. वकील लवकर गाठा, मुदत संपायच्या आठवड्यात नाही.

शेवटचं, वहीची प्रत. दर महिन्याच्या शेवटी सगळ्या पानांचे फोटो काढून तीन वेगळ्या घरच्या फोनमध्ये ठेवा, आणि पिशव्यांचा डबा उन्हापासून लांब, झाकण लावून. आमचा डबा काकींच्या घरी कपाटावर आहे, वर सासूबाईंनी त्या चादरीचा तुकडा बांधून ठेवलाय, काळ्या रेघेसकट.